खोटा दिरहम आणि भाच्याची गिटार

गांधीबागेच्या कापडबाजारात वाढलेल्या माणसाला एक खोड लागते. कापड हातात आले की तो आधी ते उलटे करून पाहतो. समोरून सगळे ताके सारखेच देखणे दिसतात, इस्त्री आणि कांजी सगळ्यांना सारखीच मेहेरबान असते. आम्हाला दुकानात बसवले त्या पहिल्याच आठवड्यात अब्बांनी हे शिकवले होते. कडेचा धागा ओढायचा, काडी लावायची. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि बोटांत भुरभुरीत राख उरते, पॉलिएस्टर असेल तर आकसून वितळतो आणि टणक मणी होतो. करवती काठाची टसर साडी आली तर काठ उलटून पाहायचा. हातमागावर तीन धोट्यांनी विणलेल्या त्या दात्यांची नक्कल यंत्रमाग पुढून बरी करतो, मागून मात्र उघडा पडतो.

हे सगळे आम्ही एक हुनर म्हणून शिकलो. फसू नये म्हणून शिकलो. या शिकण्याला दुसरा काही अर्थ असू शकतो, हे कळायला आम्हाला पन्नाशी ओलांडावी लागली, आणि तेही कापडामुळे नव्हे, एका गिटारीमुळे.

आमचा भाचा दुकानातच बसतो. त्याला गिटारीचे वेड. वाद्य जायज की नाजायज हा वाद आमच्या घरात दर रमजानच्या आधी नव्याने होतो आणि ईदनंतर अनिर्णित राहतो, म्हणून त्यात इथे शिरत नाही. तर या भाच्याने मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ठिकाणी एक गिटार पाहिली. गिब्सन कंपनीची, लेस पॉल जातीची, १९९८ सालची, एका हौशी माणसाने जपून वापरलेली, आता परदेशी जायचे म्हणून विकणे आहे, वगैरे. किंमत अठ्ठावीस हजार. हे वाद्य नवे घ्यायचे तर लाखांत बोलावे लागते. भाच्याने दोन वर्षांची बचत पाठवली आणि आठ दिवसांनी कुरिअरने लांबलचक खोके दुकानात आले. त्या दिवशी त्याने गिऱ्हाइकांना काय मोजून दिले ते अल्लाहला ठाऊक.

महिनाभराने एक तार बसेना म्हणून तो ती एका जुन्या दुरुस्ती कारागिराकडे घेऊन गेला. आम्हीही सोबत होतो. कारागिराने गिटार हातात घेतली आणि, आमच्या काळजात चर्र झाले, ती उलटी केली.

त्यानंतर त्या माणसाने जे दाखवले ते कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ऐकायला फार ओळखीचे वाटले. गिटारीच्या मानेच्या वरचे डोके, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, त्याचा वरचा काठ अस्सल गिब्सनमध्ये उघड्या पुस्तकासारखा मधोमध दबतो. नक्कल करणाऱ्याला नेमका तोच बाक साधत नाही, एकतर पसरट होतो किंवा टोकदार. त्याखाली घंटेच्या आकाराची एक लहान पट्टी असते, मानेतल्या लोखंडी सळईचे तोंड झाकणारी. अस्सल पट्टी दोन स्क्रूंवर असते, नकलीत बहुधा तीन असतात. इथे तीन होते. ब्रिज ज्या दोन खांबांवर उभा होता त्यांचे स्क्रू जाडजूड, खाचेचे. मागचे झाकण उघडले तर आत केसासारख्या बारीक वायरी आणि आवाज कमी-जास्त करणारी बटणे ज्यांवर फिरतात ते भाग नाण्याएवढे लहान. आणि शेवटी क्रमांक. या कंपनीने १९७७ पासून बरीच वर्षे, एखाददुसरा अपवाद सोडता, आठ आकडी क्रमांक लाकडात दाबून उमटवले. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल होते, मधले तीन आकडे म्हणजे त्या वर्षाचा कितवा दिवस, आणि उरलेले तीन त्या दिवसाच्या कामातला अनुक्रम. भाच्याच्या गिटारीवर ९, मग ४१२, मग ८. म्हणजे १९९८ सालचा चारशे बारावा दिवस. कारागीर हसला नाही. त्याने फक्त कॅलेंडरकडे पाहिले.

विकणाऱ्याचा फोन बंद होता. तो तसाच राहिला.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे. फसवले गेलेले लोक काही दिवस गप्प असतात, मग हिशेबाला लागतात. तिसऱ्या आठवड्यात भाच्याने त्याच मोबाईलवर तीच गिटार विकायला लावल्याचे आम्ही पाहिले. फोटो नवे होते, प्रकाश चांगला होता, डोक्याकडचा भाग मात्र एकाही फोटोत नीट नव्हता. मजकूर जवळजवळ तोच. किंमत पंचवीस हजार, म्हणजे तीन हजारांचे नुकसान सोसायची त्याची तयारी होती आणि त्यामुळे आपण प्रामाणिकच आहोत असे त्याला वाटत होते. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, मामू, मी काय बनवली आहे का? मला जशी मिळाली तशी देतो. घेणाऱ्याने पाहून घ्यावे. आपल्या बाजारात तरी दुसरे काय चालते?

आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो. कारण आपल्या बाजारात 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' ही पाटी आम्हीही लावलेली आहे, अगदी गल्ल्याच्या वर, बरकतीच्या आयतीच्या खाली.

अब्बा आता पंच्याऐंशीचे आहेत. दुपारी दुकानात येऊन गादीवर टेकतात. त्यांनी सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "बेचते वक्त क्या बोलेगा?"

हा प्रश्न जुना आहे, मदिनेच्या बाजाराइतका. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एकदा धान्याच्या ढिगाशी थांबले आणि त्यांनी हात आत घातला, तो ओला लागला. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग भिजलेला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता; आणि जो फसवतो त्याचे आपल्याशी नाते राहत नाही अशा आशयाचे फर्मावले. ही हदीस आपण सगळ्यांनी जुम्याच्या बयानात कितीतरी वेळा ऐकलेली असते. आम्हाला त्यात आता एक गोष्ट नव्याने दिसते. पाऊस त्या विक्रेत्याने पाडला नव्हता. तोही एका अर्थी नुकसान झालेलाच माणूस होता. त्याला जाब विचारला गेला तो पावसाबद्दल नाही, ओले धान्य खाली आणि कोरडे वर ठेवण्याबद्दल. भाच्याने गिटार बनवली नव्हती हे खरेच. पण फोटो त्याने काढले होते.

फिकहमध्ये या मुद्द्यावर बारीक चर्चा आहे. 'जसे आहे तसे, कोणत्याही दोषाची जबाबदारी माझी नाही' असे सांगून विकणे हनफी मतात मान्य आहे. शाफई मत यात बरेच कडक, अशा सरसकट सुटकेला ते सहसा मानत नाही. म्हणजे आमचे कोकणातले शाफई भाऊ आणि आम्ही नागपूरचे हनफी एकाच व्यवहाराकडे वेगळ्या नजरेने पाहू शकतो. भाच्याला हे कुठूनतरी कळले आणि त्याने ताबडतोब आपण हनफी असल्याचे आम्हाला स्मरण करून दिले. परंतु ज्या इमाम अबू हनीफांच्या नावाने हे मत चालते ते स्वतः कुफ्याचे कापडाचे व्यापारी होते, आपल्या गांधीबागेत शोभावेत असे. त्यांच्याबद्दलची रिवायत अशी आहे की त्यांनी भागीदाराकडे माल पाठवला आणि त्यातल्या एका कापडात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला सांगून विक, असे बजावले. भागीदार सांगायला विसरला, गिऱ्हाईक कोण होते तेही त्याला आठवेना. इमामांनी त्या संपूर्ण मालाची रक्कम सदका करून टाकली. कायद्याने जेवढी सूट दिली तेवढी सगळी वापरलीच पाहिजे, असे सूट सांगणाऱ्यालाही वाटत नव्हते. आणि भाच्याच्या बाबतीत ती सूटही लागू नव्हती. दोष झाकणे वेगळे आणि एका वस्तूला दुसऱ्या वस्तूचे नाव देणे वेगळे. तडा गेलेली गिब्सन ही तडा गेलेली का होईना, गिब्सन असते.

देशाचा कायदाही इथेच रेघ ओढतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातले कलम १०४ खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्याला गुन्हेगार धरते, पण योग्य ती खबरदारी घेऊनही माल खोटा असल्याचा संशय यायला ज्याला कारणच नव्हते, आणि जो पुढे विचारणा होताच ठाऊक ती माहिती देतो, त्याला वाट ठेवते. कारागिराकडे जाण्यापूर्वी भाच्याने ती गिटार विकली असती तर या वाटेने तो कदाचित सुटला असता. चारशे बारावा दिवस पाहिल्यानंतर ती वाट बंद झाली. ज्ञान हे असे महाग पडते.

याच ठिकाणी आम्हाला इमाम गझाली सापडले. हिजरीच्या पाचव्या शतकातला हा विचारवंत, वफात ११११ सालची. त्यांच्या 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये कमाईच्या आदाबांचा एक भाग आहे आणि त्यात खोट्या नाण्याची चर्चा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: खोटा दिरहम चालवणे हे चोरीहून वाईट असू शकते, कारण चोरी एकदा होते आणि संपते, खोटे नाणे मात्र एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते आणि चालवणारा मरून गेला तरी त्याच्या खात्यावर लिहिले जात राहते. म्हणून असे नाणे हाती आले तर ते विहिरीत टाकावे, जिथून ते कोणाच्या हाती लागणार नाही. आणि पुढे ते असे काही सांगतात की आम्ही गादीवर बसल्या बसल्या चपापलो. व्यापाऱ्याने नाणे पारखायला शिकलेच पाहिजे, ते त्याच्यावर बंधनकारक आहे, पण कशासाठी? स्वतःचे नुकसान टळावे म्हणून ते नव्हे. अजाणता आपल्या हातून दुसऱ्याला खोटे नाणे जाऊ नये म्हणून.

आम्ही तीस वर्षे धागे जाळत होतो. दुसऱ्यासाठी एकही जाळला नव्हता.

नकली वाद्य कसे ओळखावे याची माहिती आज हवी तेवढी मिळते. तीन स्क्रू, पुस्तकाचा बाक, क्रमांकाचे गणित, सगळे. ती सगळी माहिती घेणाऱ्याला उद्देशून असते: सावध राहा, फोटो मागा, मागचे झाकण उघडायला सांगा, किंमत फार कमी असेल तर दूर राहा. सल्ले चांगले आहेत आणि भाच्याने पाळले असते तर बरे झाले असते. पण तीच माहिती नकली बनवणाऱ्यालाही मिळते. आज स्क्रू तीन आहेत, उद्या दोन होतील. पारखणारा आणि फसवणारा एकाच शाळेत शिकतात आणि फसवणारा गृहपाठ जास्त मन लावून करतो. जुन्या वस्तूच्या व्यवहारात तर घेणारा पाचशे कोसांवर, वस्तू खोक्यात, मध्ये फक्त फोटो. अशा वेळी त्या वस्तूबद्दल सगळ्यात जास्त ठाऊक असणारा माणूस एकच, विकणारा. मग पारखण्याचा सारा भार घेणाऱ्यावर टाकणे म्हणजे ज्याचा हात ढिगापर्यंत पोचतच नाही त्याला ओलावा शोधायला सांगणे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण आमच्या घरात तो झाला. गिटारीचा आवाज वाईट नव्हता. भाचा म्हणाला, मग खोटे काय आहे? लाकूड आहे, तारा आहेत, सूर आहे. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. नक्कल आणि नकली यांत फरक आहे. १९७०च्या दशकात जपानी बनावटीच्या आयबानेझ गिटारी गिब्सनच्या रूपावर हुबेहूब बेतलेल्या असत, पण डोक्यावर नाव आयबानेझच असे. तेवढ्यावरही, डोक्याच्या आकारावरून, गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ साली अमेरिकेत दावा लावला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. आज त्या जुन्या जपानी गिटारी लोक जाणूनबुजून, त्यांच्या स्वतःच्या नावाने, मानाने विकत घेतात. गुरूच्या हस्ताक्षराचा कित्ता गिरवणे वेगळे आणि गुरूची सही करून हुंडी वटवणे वेगळे. गरिबाच्या मुलाने स्वस्तातले साधे वाद्य घ्यावे, त्यावर शिकावे, त्यात कमीपणा कसला? भाच्याने चार हजारांची नवी गिटार घेतली असती तरी तिच्यात सूर हाच असता. खोटी होती ती फक्त त्या डोक्यावरची अक्षरे, पण पैसे त्याने त्या अक्षरांचेच मोजले होते.

आणि ती अक्षरे कोणाची असतात, हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्या मिरजेत जावे. तलवारींना धार लावणारे शिकलगार हत्यारांचे दिवस सरल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, तंतुवाद्यांकडे वळले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळवून, घोटून, कोरून सतार आणि तंबोरे केले. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली जाईपर्यंत मिरजेचे झाले होते ते उगाच नाही. मंदिरातल्या भजनापासून मोठ्या मैफलीपर्यंत मागे जो षड्ज घुमतो तो बऱ्याचदा एखाद्या शिकलगाराच्या घरात जवारी लावून आलेला असतो. हा आपल्या लोकांचा असा वारसा आहे की त्याचा अभिमान मिरवायला कोणाची परवानगी लागत नाही. पण इतरत्र झालेली वाद्येही मिरजेची म्हणून विकली जातात, ही तिथल्या कारागिरांची जुनी तक्रार होती. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ जे नाव हातांनी कमावले, ते आपलेच आहे हे कागदावर सिद्ध करण्याची वेळ आली. नकली वस्तू विकणारा फक्त घेणाऱ्याला फसवतो असे आपण समजतो. मिरजेतला, भोपळ्यावर वाकलेला तो कारागीर या हिशेबात कुठेच नसतो.

गिब्सनवाले परदेशी आणि श्रीमंत आहेत, त्यांचे काय बिघडते, असे भाच्याने म्हटले होते. आम्ही त्याला मिरजेचे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तंबोराही जुना विकला जात असेल ना, तेव्हा लोक काय सांगतात? आम्ही आमच्या माहितीतल्या एका घराचे उदाहरण दिले. तिथला मिरजेचा तंबोरा विकताना म्हातारीने घेणाऱ्याला आधी पाणी दिले आणि मग सांगितले की भोपळा एकदा पडून फुटला होता, तो बदललेला आहे, वरचा दांडा तेवढा मूळचा. घेणाऱ्याने पैसे कमी केले. म्हातारीने ते निमूट घेतले.

शेवटी भाच्याने मोबाईलवरचा मजकूर काढला. आठवड्याने पुन्हा लावला, या वेळी डोक्याचा फोटो सगळ्यात आधी. लिहिले होते: गिब्सन नाही, नकली आहे, मी फसलो, वाजते बरी, किंमत पाच हजार. आम्हाला वाटले प्रश्न सुटला. पण अब्बा म्हणाले, नाव अजून तसेच आहे का? गझालींनी हेही लिहून ठेवले आहे. खोटे नाणे खोटे म्हणून सांगून दिले तरी घेणारा ते का घेतो, याचा विचार करावा. बहुतेकदा तो पुढे कोणाच्यातरी गळ्यात मारण्यासाठीच घेतो. मग भाच्याने पॉलिश पेपर आणला आणि दुकानाच्या मागच्या ओट्यावर बसून ती सोनेरी अक्षरे घासून काढली. काम तासाभराचे होते, त्याने दुपार घातली. लाकूड तिथे फिक्कट, उघडे पडले.

दोन दिवसांनी कामठीहून एका मुलाचा फोन आला. पाच हजार कबूल होते. भाच्याने विचारले, वाजवतोस का? मुलगा म्हणाला, शिकतोय. मग थोडे थांबून त्याने विचारले, भाई, ते वरचे नाव परत लावून मिळेल का कुठे?

भाच्याने गिटार विकली नाही. आमच्या आवारात विहीर नाही. जुन्या वाड्यात होती ती कधीच बुजवली. गिटार दुकानाच्या मागे, गोदामाच्या जिन्यापाशी खिळ्याला टांगलेली आहे. दुपारी गिऱ्हाईक नसले की तो ती काढून वाजवतो. अब्बा तेव्हा तसबीह हातात घेऊन डोळे मिटून बसतात आणि आपल्याला काही ऐकू येत नाही असे दाखवतात. गल्ल्यावरची पाटी आम्ही गेल्या महिन्यात उतरवली. भिंतीवर तिचा चौकोन अजून दिसतो. रंग द्यायचा आहे.